सगळे पापडच समजा!

लातूरला बहिणीकडे गेले की माझा मुक्काम स्वयंपाकघरातच असतो. तिचा डब्यांचा धंदा आहे. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या पोरा-पोरींचे डबे. लातुरात आता गल्लीगल्लीत असे डबे होतात. कुणी मुखेडहून आलंय, कुणी देगलूरहून, कुणी पार परभणीकडून. पोरगी डॉक्टर होणार म्हणून आईच खोली करून राहिलीय, अशीही घरं कितीतरी.

तर परवा दुपारी भाची पुस्तक आपटत आली. दहावीत आहे.

"मावशी, ही शाब्दिक उदाहरणं मी ऑप्शनला टाकायलेय."

"कसली गं?"

"दोन चलांतली रेषीय समीकरणं. नुसती समीकरणं दिली तर सोडवते मी. पण ते 'दोन पेनं आणि तीन वह्यांची किंमत' आलं की डोकंच चालत नाही."

आतून बहिणीचा आवाज आला, "टाकू दे. मला तरी कुठं जमलं होतं गणित? आपल्या घराण्यात बायकांना गणित येतच नाही."

तेवढ्यात तिच्या हाताखालच्या बाई दारात आल्या. यादी भाऊजींच्या खिशात आणि भाऊजी बाजारात. "ताई, आज चौदा डबे म्हणाल्या होतात. पोळ्या अडुसष्ट झाल्यात. मोठे डबे किती भरू?" मोठ्या डब्यात सहा पोळ्या, लहान डब्यात चार. बहिणीनं भाजी हलवता हलवता, मागं न बघता सांगितलं, "मोठे सहा, लहान आठ."

मी भाचीकडं पाहिलं. भाचीनं माझ्याकडं पाहिलं. बहीण आपली फोडणीत कढीपत्ता टाकत होती. आपल्या हातून काही घडलंय, याचा तिला पत्ताच नव्हता.

मैत्रिणींनो, गणिताचं नाव काढलं की हा स्तंभ आपल्यासाठी नाही असं समजून पान उलटू नका. मीही तुमच्यातलीच आहे. दहावीला गणितात पास होण्यापुरते मार्क पडले तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले होते. पण गेल्या दीड-दोन वर्षांत या एका धड्याबद्दल माझं मत पार बदललं. त्याला एक प्रसंग कारण झाला. तो आधी सांगते.

माझ्या जाऊबाईंचं गाव नांदेड जिल्ह्यात आहे. तालुक्यापासून आत. तिथं त्यांचा बायकांचा बचत गट आहे. गटानं एका प्रदर्शनात स्टॉल लावला होता. माल दोनच प्रकारचा. ज्वारीच्या पापडांचे पुडे, तीस रुपयांना एक. आणि कारळाच्या चटणीचे पुडे, पन्नास रुपयांना एक. पापड एका घरचे, चटणी दुसऱ्या घरची. पापडाचे ऐंशी पुडे नेले, चटणीचे साठ. स्टॉलवर बसली होती गल्लीतली एक तरुण सून. नवरा पुण्याला कामाला, घरात सासू आणि लहान पोर. बोलायला चटपटीत म्हणून तिलाच बसवलं.

शेवटच्या दिवशी अवकाळी पाऊस आला. मांडव गळाला. माल वाचवता वाचवता विक्रीची वही भिजली आणि शाईचा नुसता चिखल झाला. हाती राहिलं ते एवढंच: एकशे चाळीसपैकी पंचेचाळीस पुडे परत आले, म्हणजे पंच्याण्णव विकले गेले. आणि गल्ल्यात तीन हजार सहाशे पन्नास रुपये होते. उरलेला माल पोत्यात भरून जाऊबाईंच्या माळवदावर टाकला होता.

पैसे वाटायला बायका जमल्या, तेव्हा मी नेमकी तिथं होते. चटणीवाल्या काकू म्हणाल्या, "माझी चटणी तर सगळीच संपली. प्रदर्शनात लोक तीच मागत होते, मी डोळ्यांनी बघितलं. साठ पुड्याचे तीन हजार मला द्या." गटाच्या सचिव बाई हिशोबाला पक्क्या. त्यांनी लगेच मांडलं. चटणीचे साठ गेले असतील तर पापडाचे गेले पस्तीस. पस्तीसाचे झाले एक हजार पन्नास. एकूण पाहिजेत चार हजार पन्नास. गल्ल्यात आहेत छत्तीसशे पन्नास.

"मग चारशे रुपये कुठं गेले?"

कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या. ती पोरगी दाराजवळ बसली होती. आधी तिला कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला. "मी नाही घेतले," एवढंच म्हणाली. तिची सासू उठून उभी राहिली आणि काही न बोलता परत बसली. चारशे रुपये. तुम्हाला-मला वाटेल, काय मोठीशी रक्कम. पण लहान गावात चारशे रुपयांचा आळ म्हणजे पुढं दहा वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवात मागून कुजबुज. नवरा परगावी असलेल्या बाईला तर ती जास्तच जड जाते.

भिंतीला टेकून चटणीवाल्या काकूंची म्हातारी सासू बसली होती. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन आठवडी बाजार केलेली बाई. ती म्हणाली, "जरा थांबा की. असं धरा, समदे पापडाचेच पुडे गेले."

"आजी, समदे कसे पापडाचे? चटणीपण गेली ना."

"धरा म्हणलं. धरायला काय पैसं पडतेत? शंभर पुडे असते तर तीन हजार. पाच कमी हायेत, म्हंजी दीडशे कमी. अठ्ठावीसशे पन्नास. गल्ल्यात किती?"

"छत्तीसशे पन्नास."

"मग वरचे आठशे कुठून आले? चटणीच्या पुड्याला पापडापरीस वीस रुपये जास्ती. आठशात वीस किती बारी बसतेत?"

सचिव बाईंनी बोटं मोडली. "चाळीस."

"मग चटणीचे चाळीस गेले. पापडाचे पंचावन्न. पैसं बरोबर हायेत."

लक्षात घ्या, हे बोलणारी बाई चटणीवाल्या घरातलीच. तिच्या सुनेला तीन हजारांऐवजी दोन हजार मिळणार होते.

पण गोष्ट इथं संपली नाही. सचिव बाईंनी एक शंका काढली आणि ती अगदी रास्त होती. म्हणाल्या, "आजी, तुम्ही गल्ल्यातले पैसे खरे धरून चाललात. चारशे काढून घेतले असते तरी तुमचं उत्तर हेच आलं असतं की." बरोबर आहे. उत्तर पूर्णांकात आलं म्हणून कुणी निर्दोष ठरत नाही. मग आजी म्हणाल्या, "पोतं उघडा." चटणीचे चाळीस गेले असतील तर पोत्यात वीस पुडे चटणीचे पाहिजेत आणि पंचवीस पापडाचे. काकू म्हणतात तसे साठच्या साठ गेले असतील तर पोत्यात चटणीचा एकही पुडा नको. पोरगं माळवदावर चढलं. पोतं खाली आलं. वीस आणि पंचवीस.

"अगं बाई, मग पोतं आधीच उघडायचं होतं ना! समीकरण कशाला लागतंय?" हा प्रसंग मी सांगते तेव्हा दर वेळी कुणीतरी हे म्हणतंच. खरं आहे. पण तासभर चाललेल्या त्या वादात एकीच्याही डोक्यात पोतं आलं नव्हतं, माझ्याही नाही. पोत्यात काय शोधायचं, हे त्या हिशोबानं सांगितलं. शाळेच्या वहीत आपण उदाहरणाखाली 'पडताळा' असं लिहून रेघ मारायचो आणि बाई तपासत नाहीत म्हणून सोडून द्यायचो. तोच हा पडताळा. एका पोरीची अब्रू त्याच्यावर अडकली होती.

ही गोष्ट भाचीला सांगितली. म्हटलं, आता तुझ्या पद्धतीनं मांड. तिनं मांडलं. पापडाचे पुडे एक्स, चटणीचे वाय.

एक्स + वाय = ९५

३० एक्स + ५० वाय = ३६५०

तिला क्रेमरची पद्धत पाठ. निश्चयकाच्या उभ्या रेघा ओढून तिनं भराभर आकडे मांडले. खालचा निश्चयक आला ५० वजा ३०, म्हणजे २०. वायसाठी वरचा आला ३६५० वजा २८५०, म्हणजे ८००. आठशे भागिले वीस, चाळीस. एकदम ती थांबली. "मावशी, हे तर आजीचेच आकडे आहेत!"

मीही चकित झाले. तेच आठशे, तेच वीस. क्रेमर हा स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हाचा गणिती, त्याचं पुस्तक १७५० सालचं. आणि आमच्या आजी आठवडी बाजारातल्या. दोघांनी एकच वजाबाकी केली, एकच भागाकार केला. फरक एवढाच की वीस म्हणजे काय आणि आठशे म्हणजे काय, हे आजींना माहीत होतं. भाचीला त्या आकड्यांना 'डी' आणि 'डी वाय' म्हणतात, एवढंच माहीत होतं.

माझी तक्रार इथं आहे.

२०१८ साली आलेल्या दहावीच्या 'गणित भाग १' या पुस्तकाचा पहिलाच धडा या समीकरणांचा आहे. आलेख काढून सोडवायची रीत आहे, क्रेमरची रीत आहे, शेवटी शाब्दिक उदाहरणं आहेत. धडा वाईट नाही. मी तो मुद्दाम पहिल्यापासून वाचला. वाईट आहे ते आपण त्याचं जे करतो ते. पेपर चाळीस मार्कांचा. क्रेमरची पद्धत पाठ करून दिलेली समीकरणं सोडवली की तेवढे मार्क खिशात. शाब्दिक उदाहरणात गोष्टीचं समीकरण करावं लागतं, तिथं डोकं लागतं, वेळ जातो, चुकायची भीती. म्हणून ते ऑप्शनला. लातूर, नांदेड, धाराशिव हे तीन जिल्हे बोर्डाच्या लातूर विभागात येतात. इथल्या पोरांच्या कष्टाबद्दल कुणी बोट दाखवू शकत नाही. लातूर पॅटर्ननं शेतकऱ्यांची पोरं डॉक्टर-इंजिनिअर केली, हे मी स्वतःच्या नात्यात पाहिलंय. पण मार्कांची काटकसर करता करता धड्यातला गर टाकून आपण साल खायला शिकवतोय, असं मला वाटतं. समीकरण सोडवायला आता मोबाइलसुद्धा पुरतो. पण 'चटणीचा पुडा वीस रुपयांनी महाग आहे' हे समीकरणात कुठं बसवायचं, ते माणसालाच ठरवावं लागतं.

मला कुणी म्हणेल, तुमच्या आजी शाळेत न जाता शिकल्या, मग शाळेत एक्स-वाय शिकवायची गरज काय? याचंही उत्तर आहे. आजींची युक्ती दोन वस्तूंपुरती छान चालते. तीन प्रकारचा माल असता, पापड, चटणी आणि शेवया, तर 'सगळे पापड समजा' म्हणून आजींचीही गाडी रुतली असती. तीन अनोळखी गोष्टी असतील तर तीन बातम्या लागतात. पुडे किती आणि पैसे किती, या दोन बातम्यांवर भागत नाही. एक्स-वाय लिहायची सवय असली की आपल्याला काय माहीत नाही, हे कागदावर दिसतं. मला विचाराल तर या धड्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. आपल्याला अजून एक बातमी कमी पडतेय, हे कळणं. लग्न जमवताना, जमीन घेताना, कर्ज काढताना किती जणींना हे वेळेवर कळतं?

आणि बातम्या दोन असल्या तरी त्या खरंच दोन आहेत का, हेही बघावं लागतं. लातूरकरणींना २०१६ चा उन्हाळा सांगायला नको. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. एप्रिलमध्ये पहिली गाडी आली ती दहा वाघिणींची, साधारण पाच लाख लिटरची. घराघरात तेव्हा पाण्याचा हिशोब भांड्यांनी चालायचा. आता असं समजा की दारात दोनशे लिटरचा ड्रम आहे. आठ घागरी आणि आठ कळश्यांनी तो भरतो. घागर किती लिटरची, कळशी किती लिटरची? शेजारीण सांगते, "आमचा शंभर लिटरचा पिंप चार घागरी आणि चार कळश्यांत भरतो बघा." वाटतं, चला, दुसरी बातमी मिळाली. पण ही दुसरी नाहीच. पहिलीचीच अर्धी करून सांगितलीय. दोन्हींतून कळतं ते एवढंच, की एक घागर आणि एक कळशी मिळून पंचवीस लिटर. घागर पंधराची असेल, सोळाची असेल, काहीही. कुणीतरी म्हणालं, "ड्रम दहा घागरी आणि पाच कळश्यांतपण भरला होता," की खरी दुसरी बातमी मिळाली. पहिलीतून घागर अधिक कळशी पंचवीस. त्या हिशोबानं पाच घागरी आणि पाच कळश्यांचे सव्वाशे. उरल्या पाच घागरी, उरलं पाणी पंचाहत्तर लिटर. घागर पंधराची, कळशी दहाची.

पुस्तकात याला 'असंख्य उकली' म्हणतात. आलेख काढला तर दोन रेषा एकमेकींवर झोपलेल्या दिसतात. मी त्याला गल्लीतली बातमी म्हणते. मुलाच्या घरची माणसं चांगली आहेत म्हणून तिघींनी सांगितलं, आणि चौकशी केली तर तिघींना सांगणारी एकच होती! रेषा एकच, दिसतात तीन.

याच्या उलट गंमत चटणीवाल्या काकूंची. पंच्याण्णव पुडे गेले, छत्तीसशे पन्नास आले, आणि चटणी सगळी संपली. तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असूच शकत नाहीत. कुठलीतरी एक सोडावी लागणार. त्या दिवशी बायकांनी सोडायला काय निवडलं, तर पोरीचा प्रामाणिकपणा. काकूंचं 'मी डोळ्यांनी बघितलं' कुणाला सोडावंसं वाटलं नाही. काकू मुद्दाम खोटं बोलल्या, असं मी म्हणत नाही. दुपारी गर्दी पाहिली, त्यावरून त्यांनी तीन दिवसांचा अंदाज केला. आपण सगळ्याच करतो.

थोडं मागं जाऊ. आपल्या महाराष्ट्रात भास्कराचार्यांचं नाव सगळ्यांना माहीत असतं. त्यांचा मोठा ग्रंथ ११५० सालचा. त्यातला एक भाग 'लीलावती' आणि दुसरा 'बीजगणित'. लीलावती ही त्यांची मुलगी, अशी कथा आपण लहानपणी ऐकली. त्या कथेला भक्कम पुरावा नाही. पण त्या पुस्तकात गणितं घालताना ते लीलावतीला हाक मारून विचारतात, हे खरं. म्हणजे साडेआठशे वर्षांपूर्वी एका पुरुषानं गणिताचं पुस्तक लिहिताना समोर विद्यार्थी म्हणून बाई कल्पिली होती. पुढं १२०७ साली त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, खानदेशात चाळीसगावजवळ पाटण इथं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तसा शिलालेखच आहे. त्या मठात किती मुली बसल्या असतील, हा प्रश्न मी विचारत नाही.

मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. अनोळखी संख्येला आपण एक्स-वाय म्हणतो, आमच्या जुन्या पुस्तकात क्ष आणि य असायचं. भास्कराचार्य आणि त्यांच्या आधीचे ब्रह्मगुप्त त्यांना रंगांची नावं द्यायचे. पहिली 'यावत्तावत्', म्हणजे जेवढी असेल तेवढी. मग काळी, निळी, पिवळी, तांबडी. एकाहून जास्त अनोळखी संख्यांच्या समीकरणांना नावच 'अनेकवर्ण'. मला तर रांगोळीचे डबे आठवले. भाचीला म्हटलं, एक्स-वायची भीती वाटते ना, मग काळा-निळा म्हण.

'बीजगणिता'त एक गणित आहे. दोन मित्र. पहिला म्हणतो, तू मला शंभर दिलेस तर माझ्याकडं तुझ्या दुप्पट होतील. दुसरा म्हणतो, तूच मला दहा दे, मग माझ्याकडं तुझ्या सहापट होतील. कुणाकडं किती? आम्ही तिघींनी, म्हणजे मी, बहीण आणि भाचीनं, जेवणं झाल्यावर हे घेतलं. बहीण आधी "मला नको त्यात ओढू" म्हणाली. मग भाचीनं दुसऱ्या मित्राचे पैसे निळे धरून मांडायला सुरुवात केली. दुसऱ्यानं शंभर दिले तर त्याच्याकडं उरले निळे वजा शंभर. त्याची दुप्पट म्हणजे दोन निळे वजा दोनशे. पहिल्याकडं शंभर आल्यावर एवढे झाले, म्हणजे त्याच्याकडं आधी होते दोन निळे वजा तीनशे. इथवर भाचीनं आणलं. पुढं पहिल्यानं दहा दिले तर उरले दोन निळे वजा तीनशे दहा. त्याची सहापट, बारा निळे वजा अठराशे साठ. ते दुसऱ्याच्या निळे अधिक दहाएवढे. "मग अकरा निळे म्हणजे अठराशे सत्तर," हे बहीण बोलली. हातात भांडं होतं, घासणी होती. "एकशे सत्तर." आणि पहिल्याकडं चाळीस. मी पडताळा केला. चाळीस आणि शंभर एकशे चाळीस, तिकडं उरले सत्तर. दुप्पट. एकशे सत्तर आणि दहा एकशे ऐंशी, इकडं उरले तीस. सहापट. बहीण म्हणाली, "हॅ, एवढंच होय?" पण पुढचा अर्धा तास तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

"आपल्या घराण्यात बायकांना गणित येत नाही" हे वाक्य आपण किती सहज बोलतो! मी स्वतः बोललेय, माझ्या मुलीसमोर, दहा वेळा. आपल्याला वाटतं आपण लेकीला धीर देतोय. ती ऐकते ते वेगळंच. दहावीला मध्यंतरी काही वर्षं सामान्य गणिताचा सोपा पर्याय होता. ज्यांना खरंच गणित झेपत नव्हतं त्यांना त्यानं तारलं, ते मी नाकारत नाही. पण आमच्या ओळखीतल्या एका शाळेत मुलींच्या आयांना सरसकट सुचवलं गेलं की घ्या हा पर्याय, पुढं लग्नच करायचंय. आयाही 'बरं झालं' म्हणाल्या. त्यातल्या एकीला पुढं नर्सिंगला जायचं होतं. अकरावी सायन्सच्या दारातून ती परत आली. तो पर्याय आता बंद झालाय, पण ते सुचवणारी जीभ अजून बंद झालेली नाही.

डबेवालीच्या घरात बसलेय, तर डब्याचाच एक हिशोब सांगते. खोली करून राहिलेल्या पोरींच्या आयांना तो उपयोगी पडेल. समजा एका खानावळीचे महिन्याचे अठ्ठावीसशे, कितीही जेवा. दुसरीकडं ताटाला साठ रुपये, जेवाल तेवढे द्या. स्वस्त काय? पुष्कळ जणी मनानंच ठरवतात. आलेख काढून बघा. एक रेघ आडवी, अठ्ठावीसशेवर. दुसरी चढत जाणारी. दोघी भेटतात शेहेचाळीस आणि सत्तेचाळीस जेवणांच्या मधे. शेहेचाळीस जेवणांचे ताटानं होतात सत्तावीसशे साठ, सत्तेचाळीसचे अठ्ठावीसशे वीस. आता पोरीचा महिना मोजा. दोन वेळची साठ जेवणं. रविवारी रात्री खानावळ बंद, चार गेली. महिन्यातून दोनदा गावी येते, प्रत्येक खेपेला चार जेवणं चुकतात, म्हणजे आठ गेली. उरली अठ्ठेचाळीस. महिन्याचाच दर बरा, पण ऐंशी रुपयांनीच. दिवाळीच्या महिन्यात पोरगी दहा दिवस घरी असेल तर उलट. बहीण हे ऐकून म्हणाली, "माझ्या गिऱ्हाइकांना हे शिकवू नकोस."

भाचीनं शाब्दिक उदाहरणं ऑप्शनला टाकली की नाही, ते सहामाहीत कळेल. टाकणार नाही असं म्हणालीय. दहावीच्या पोरींचं म्हणणं किती धरायचं, ते तुम्हाला माहीत आहेच.

आणि जाऊबाईंच्या गावातली ती सून? त्या दिवशी तिची कुणी माफी मागितली नाही. पोतं उघडल्यावर थोडा वेळ सगळ्या गप्प बसल्या. मग चटणीवाल्या काकू उठल्या, "चहा टाकते," म्हणाल्या आणि पहिला कप तिच्या हातात दिला. आपल्याकडं माफी बहुधा अशीच मागतात. तिनं कप घेतला, पण स्टॉलवर बसायला पुढं दोनदा नकार दिला. तिसऱ्यांदा सचिव बाई स्वतः घरी गेल्या, तेव्हा हो म्हणाली. एका अटीवर. मागच्या प्रदर्शनात मी मुद्दाम तिचा स्टॉल बघायला गेले. टेबलावर गल्ल्याचे दोन डबे होते. एकावर चिकटवलं होतं 'पापड', दुसऱ्यावर 'चटणी'. मी हसले, तीही हसली.

"आता कुणाला काही धरायची गरजच नाही, काकू," ती म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडं वळली.